वारीची पिशवी दाराशी राहू द्या

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

दरवर्षी ३० सप्टेंबर जवळ आला की तुमच्या पेपरात किल्लारीच्या भूकंपाचं पान येतं, जुने फोटो येतात, स्मृतिस्तंभाजवळ श्रद्धांजली वाहिल्याची बातमी येते. मी ते पान न चुकता वाचतो आणि कापून ठेवतो, माझ्याकडं अशी बरीच पानं जमलीत. यंदा त्या पानासोबत अजून एक गोष्ट छापा, संकटात उचलून निघायच्या पिशवीची यादी, अशी विनंती करायला हे पत्र लिहितोय. पत्र लांबणार आहे, जागेप्रमाणं कापलं तरी चालेल पण पिशवीचा भाग तेवढा राहू द्या.

माझं मूळ गाव औसा तालुक्यातलं, किल्लारीपासून फार लांब नाही. १९९३ ला मी सातवीत होतो. आदल्या रात्री गणपतीचं विसर्जन झालेलं, गाव उशिरा झोपलेलं, आणि पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी ते झालं. दगडं भरलेली ट्रॉली एकदम उलटी करावी तसा आवाज आला आणि मग धूळ, नाकातोंडात नुसती धूळ. आमचं घर तेव्हाच्या सगळ्या घरांसारखंच, दीड-दोन हात जाडीच्या दगडमातीच्या भिंती आणि वर लाकडी माळवद. उन्हाळ्यात गार राहतं म्हणून माळवदावर मातीचा जाड थर, आणि पावसाळ्यात गळू नये म्हणून दरवर्षी त्यावर अजून पांढरी माती. वर्षानुवर्षं चढवलेला तो सगळा भार त्या पहाटे खाली आला. आमचा भाग तोवर भूकंपाच्या नकाशावर सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात होता, झोन एक, नंतर २००२ च्या नकाशात तो झोन तीन झाला. भूकंप ६ रिश्टरच्या थोडासाच वर होता, पण दहा हजारांच्या आसपास माणसं गेली, ५२ गावं नव्यानं वसवावी लागली.

आमच्या घरातलं माणूस गेलं नाही, देवाची कृपा. पण आजी माजघरात तुळईखाली अडकली होती आणि आम्हाला ती कुठं आहे हेच कळत नव्हतं. अंधार मिट्ट, लाईट गेलेली. घरात बॅटरी होती, खुंटीला अडकवलेली, आणि खुंटी ज्या भिंतीत होती ती भिंतच आडवी झालेली. वडील नुसत्या हातानं चाचपडत होते. आजीचा आवाज बसला होता, धुळीनं तिला ओरडता येईना, मग तिच्या हाताला तांब्या लागला आणि ती तो दगडावर आपटायला लागली. टण्... टण्... त्या आवाजावर वडील आणि शेजारचे दोघं तिच्यापर्यंत पोचले, तोवर उजाडलं होतं. मांडीचं हाड मोडलं होतं पण वाचली, नंतर अकरा वर्षं जगली. पुढं खूप वर्षांनी कुठंतरी वाचलं की ढिगाऱ्यात अडकलेल्या माणसानं ओरडून दम घालवू नये, शिट्टी वाजवावी नाहीतर काहीतरी आपटून आवाज करावा, तेव्हा मला आजीचा तांब्याच आठवला.

त्या पहाटे आम्ही सगळे अनवाणी होतो. चप्पल कोण घालून झोपतं? वडलांच्या पायात माळवदाच्या फळीचा गंजका खिळा पार आरपार गेला, त्यांनी फडकं बांधलं आणि तसंच दगड उचलत राहिले, धनुर्वाताचं इंजेक्शन मिळालं तिसऱ्या दिवशी. पाण्याचे हंडे चेपून गेलेले, माठ फुटलेला, आडात दगडमाती पडून पाणी गढूळ झालेलं. वरून त्यात पुढच्या दिवसांत पाऊस लागला. घरात जायची हिंमत कुणाची होत नव्हती कारण जमीन अधूनमधून हलतच होती, आणि बाहेर अंगावर घ्यायला काही नाही. लहान बहीण दोन वर्षांची, तिला आईनं पदराखाली धरून ती अख्खी रात्र उभ्यानं काढली.

अजून एक सांगतो, कारण हे कुणी लिहीत नाही. आजोबांचा चष्मा ढिगाऱ्यात गेला. रोज हरिपाठ वाचणारा माणूस, सही झोकदार करणारा. नवीन चष्मा मिळेपर्यंत तीन महिने गेले, आणि त्या तीन महिन्यांत जेवढे फॉर्म भरायचे होते, जेवढ्या याद्यांवर सह्या करायच्या होत्या, तेवढ्या सगळ्या ठिकाणी त्यांनी अंगठा दिला. मला ते तेव्हा समजलं नाही, आता माझाच चष्मा लागलाय तर समजतंय.

मदत आली नाही असं मी म्हणणार नाही. लष्कर आलं, अख्ख्या महाराष्ट्रातून माणसं आली, कपडे धान्य औषधं ट्रक भरभरून आलं, त्या लोकांचे उपकार आम्ही मरेपर्यंत विसरणार नाही. पण आमच्या गावात मदत तिसऱ्या दिवशी पोचली. आणि ते बरोबरच होतं, कारण ज्या गावांत घरटी माणसं गाडली गेली होती तिथं आधी जायलाच पाहिजे होतं. हाच हिशोब मला लोकांना सांगायचाय. मोठं संकट आलं की यंत्रणा कितीही चांगली असली तरी ती आधी जिथं जीव अडकलाय तिथं जाणार, आणि तुमचं घर थोडं कमी पडलेलं असेल, तुम्ही धडधाकट असाल, तर तुमचा नंबर नंतर लागणार. ते मधले दोन-तीन दिवस आपले आपल्यालाच काढायचे असतात.

आता एवढं सगळं भोगून आम्ही घरात काय तयारी ठेवली असेल असं वाटतं तुम्हाला? काहीच नाही. लातूरला आलो, मी इलेक्ट्रिकल सामानाचं छोटं दुकान टाकलं, स्लॅबचं घर झालं आणि आम्ही निर्धास्त झालो. दुकानात मी स्वतः रोज बॅटऱ्या विकतो, आणि बघतो की बॅटरी घ्यायला लोक येतात ते लाईट गेल्यावर, आधी कुणी येत नाही. मीही त्यातलाच होतो.

१० जुलै २०२४ ला सकाळी सातच्या सुमारास हिंगोलीकडं ४.५ रिश्टरचा धक्का बसला. त्याच वर्षी मार्चमध्येही तिकडं तेवढाच बसला होता. माझी तीच बहीण आता नांदेडला असते. तिचा फोन आला, आवाज थरथरत होता, सगळी गल्ली रस्त्यावर उभी होती. मी विचारलं काय घेऊन निघालीस, तर म्हणाली मोबाईल, आणि त्याला चार्जिंग नाहीये, ठेवते. एवढंच. सासूबाईंच्या शुगरच्या गोळ्या घरात, लेकराची दुधाची बाटली घरात, पायात काही नाही, आणि आत जायची भीती. मला एकदम ती ३१ वर्षांपूर्वीची पहाट डोळ्यासमोर आली. तीच मुलगी, तेव्हा पदराखाली होती, आता स्वतःचं लेकरू घेऊन तशीच मोकळ्या हातानं उभी. त्या दिवशी सुदैवानं फार काही झालं नाही, दोन तासांनी सगळे घरात गेले. मला मात्र दिवसभर दुकानात लक्ष लागलं नाही.

संध्याकाळी घरी हा विषय काढला तर आई शांतपणे उठली आणि तिची वारीची पिशवी आणून समोर ठेवली. आई गावच्या दिंडीसोबत आषाढीला पायी जाते, गुडघे दुखत असले तरी जाते, आणि त्या वर्षी आषाढी आठवड्यावर आलेली म्हणून तिची पिशवी भरलेलीच होती. तिनं एकेक वस्तू काढून सतरंजीवर मांडली. जाड प्लास्टिकचा मोठा कागद, पाऊस आला तर डोक्यावर आणि रात्री अंगाखाली. स्टीलचं ताट आणि तांब्या. बॅटरी. बीपी-शुगरच्या पंधरा दिवसांच्या गोळ्या, डॉक्टरची चिठ्ठी त्याच पुडीत. जुनं मऊ लुगडं, ते पांघरायला होतं, आडोसा करायला होतं, पाय मुरगळला तर पट्टी फाडायला होतं, ओझं उचलायला झोळी होते. सुई-दोरा. शेंगदाणे-गूळ. कडक भाकरी आणि शेंगाची चटणी. सुट्टे पैसे कमरेच्या पिशवीत. आणि एक चिठ्ठी, तिचं नाव, गाव, माझा नंबर, धाकट्याचा नंबर, कारण गर्दीत माणूस चुकतं.

अजून काय पाहिजे रे, म्हणाली.

मी पुढं इंटरनेटवर सरकारी याद्या पण वाचल्या, भूकंपाच्या, पुराच्या, चक्रीवादळाच्या, आणि खरं सांगतो, आईच्या पिशवीत त्यातलं बहुतेक सगळं होतं. आपल्या लोकांना ही गोष्ट नवीन नाहीच. बाळंतिणीची पिशवी आपण नववा लागायच्या आधी भरून ठेवतो, वारीची भरतो, फक्त भूकंपाची भरायची म्हटलं की माणसं म्हणतात अभद्र बोलू नको. माझी बायकोच म्हणाली, दारात असली पिशवी टांगायची म्हणजे संकटाला बोलावणं. त्यावर आई म्हणाली, अगं मी प्लास्टिकचा कागद घेते म्हणून पाऊस येतो का, तो यायचा तेव्हा येतो, कागद असला की लेकरू भिजत नाही. बायकोला ते पटलं, आणि दुसऱ्या दिवशी तिनंच सॅनिटरी पॅड, कंगवा, साबण आणि मुलीचा एक ड्रेस त्यात टाकला, ते माझ्या डोक्यातच आलं नसतं.

तर आमच्या दारामागं आता जी पिशवी आहे ती आईच्या पिशवीवरूनच केलीय, त्यात चार-पाच गोष्टी मी वाढवल्यात आणि त्या का वाढवल्या ते सांगतो. पहिली म्हणजे चपला. पिशवीला बाहेरून बांधलेल्या जुन्या स्लीपर आहेत, आणि शिवाय प्रत्येकाच्या पलंगाखाली एक जोड बूट नाहीतर जाड चप्पल कायम असते, कारण भूकंपात खिडकीच्या काचा आधी फुटतात आणि त्या तुम्ही पलंगावरून पाय खाली टाकता तिथंच पडलेल्या असतात. दुसरी शिट्टी, प्रत्येकाला एक, जत्रेत मिळते तसली दहा-वीस रुपयाची, पण वाजवून बघून घेतलेली. तिसरा चष्मा. माझा आणि आईचा जुन्या नंबरचा का होईना पण एक-एक चष्मा डबीत घालून ठेवलाय. चौथी गोष्ट कागदपत्रं, आधार, रेशन कार्ड, पासबुकाचं पहिलं पान, सातबारा, पोरांचे जन्मदाखले, विम्याची पॉलिसी, सगळ्याच्या झेरॉक्स झिपच्या प्लास्टिक पाकिटात, आणि त्याचेच फोटो मोबाईलमध्ये, आधार वगैरे डिजीलॉकरमध्ये. ओरिजिनल कपाटातच आहेत पण सगळी एका फाईलमध्ये, म्हणजे पुराची वेळ आली आणि अर्धा तास मिळाला तर शोधत बसायला नको.

कागदांचं महत्त्व २०२५ च्या सप्टेंबरात पुन्हा बघितलं. सीनेला पूर आला, परंडा, माढा, करमाळा तिकडं पाणी गावांत शिरलं, आमचे पाहुणे आहेत त्या भागात. जीव वाचला, जनावरं काही गेली काही राहिली, पण पाणी उतरल्यावर घरात बघितलं तर रेशन कार्डाचा लगदा, पासबुकाचा लगदा, पोराच्या दहावीच्या मार्कलिस्टचा लगदा. पंचनाम्याला माणूस आला की पहिलं विचारतो कागद दाखवा. पाहुणे म्हणाले घरात प्लास्टिकची पिशवी नव्हती असं नाही हो, भाजीच्या शंभर पिशव्या होत्या, त्यात घालायचं कुणाला सुचलं नाही.

बॅटरीबद्दल दुकानदार म्हणून सांगतो, हे नीट वाचा. चार्जिंगची स्वस्त बॅटरी घेऊन पिशवीत टाकली आणि सहा महिने विसरलात तर वेळेला ती मेलेली असणार, तिला मधूनमधून चार्ज करावंच लागतं. सेलवरची घेतली तर सेल आत घालून ठेवू नका, ते फुटून पाझरतात आणि आतली पट्टी खाऊन टाकतात. सेल वेगळे, छोट्या प्लास्टिकमध्ये, बॅटरीलाच टेपनं चिकटवून ठेवायचे. आणि जमलं तर डोक्याला बांधायची घ्या, रात्रीच्या लाईटीला पाणी द्यायला जाणारे शेतकरी वापरतात ती, कारण दोन्ही हात मोकळे राहतात, लेकरू उचलायला आणि दगड सरकवायला. मेणबत्ती आणि काडेपेटीवर भरवसा ठेवू नका. भूकंपानंतर गॅसची नळी निघाली असेल, वास भरला असेल, तर काडी ओढणं सोडाच, लाईटचं बटणसुद्धा दाबायचं नाही, आधी रेग्युलेटर बंद, खिडक्या-दारं उघडी, आणि बाहेर. लाईटचा मेन स्विच कुठं आहे हे घरातल्या सगळ्यांना माहीत पाहिजे, पोरांनासुद्धा. माझ्या गिऱ्हाइकांत असे लोक आहेत की दहा वर्षं त्या घरात राहतात आणि मेन कुठंय ते वायरमन आल्यावर शोधतात. देवघरातला दिवा पण लक्षात ठेवा, तो पडला तर शेजारी पडदा आहे का, तेलाची बाटली आहे का.

पॉवर बँक ठेवली आहे, पण मोबाईलवर फार विसंबू नये असं माझं मत झालंय. टॉवर बंद पडतो, लाईन जाम होते. अशा वेळी फोन लागत नसला तरी साधा मेसेज कधीकधी जातो. आम्ही ठरवलंय की काही झालं तर सगळ्यांनी पुण्याच्या मामांना मेसेज टाकायचा, एकमेकांना फोन करत बसायचं नाही, म्हणजे कोण कुठं आहे ते एका जागी कळेल. मामांचा नंबर कागदावर लिहून पिशवीत आणि पोरांच्या दप्तरात, कारण आज कुणालाच कुणाचा नंबर पाठ नाही. त्याच कागदावर तातडीच्या मदतीचा ११२, अँब्युलन्सचा १०८ आणि जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा १०७७. छोटा सेलवरचा रेडिओ पण ठेवलाय, आकाशवाणीच्या बातम्या लागतात. पैसे पण रोख ठेवलेत, दहा-वीस-पन्नासच्या नोटा, कारण नेट गेलं की स्कॅनर लावलेला दुकानदार तरी काय करणार, आणि पाचशेची नोट दिली तर सुट्टे कुठून आणणार.

पाण्याचं लातूरकरांना काय सांगायचं. २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणून प्यायलेलं हे शहर आहे, घराघरात टाक्या आणि ड्रम आहेत. पण ते सगळं पाणी एकतर गच्चीवर नाहीतर घराच्या आत, भूकंपात दोन्हीकडं जाता येईलच असं नाही. पिण्याला आणि थोड्या स्वयंपाकाला माणशी दिवसाला तीन लिटर धरलं तर आमच्या पाच माणसांना तीन दिवसांचं ४५ लिटर होतं, एवढं पिशवीत मावत नाही आणि उचलतही नाही. म्हणून पिशवीत दोन बाटल्या, आणि बाहेर जिन्याखाली वीस-वीस लिटरचे दोन झाकणाचे कॅन, महिन्याला ते झाडांना ओतायचे आणि नवीन भरायचे. पाणी गढूळ असलं तर तुरटी फिरवून ते निवळतं पण त्यातले जंतू मरत नाहीत, हे आमच्या गावात तेव्हा कुणाला माहीत नव्हतं. निवळलेलं पाणी कापडानं गाळून, उकळी फुटल्यावर मिनिटभर खळखळ उकळायचं, नाहीतर क्लोरीनच्या गोळ्या टाकायच्या, त्या मेडिकलमध्ये मिळतात. जुलाब लागले तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा.

खाण्याची काळजी सगळ्यात कमी करा, आपल्याकडं न शिजवता खायचे प्रकार भरपूर आहेत. कडक भाकरी महिनाभर टिकते, शेंगाची चटणी टिकते, फुटाणे, चुरमुरे, राजगिऱ्याचे लाडू, गूळ. मॅगी आणि कप नूडल्स भरू नका, त्याला गरम पाणी लागतं. लहान लेकरू असेल तर त्याचं दूध पावडर आणि वाटी-चमचा.

औषधांचं नीट बघा. आईला आता इन्सुलिन लागतं, ते फ्रीजमध्ये, आणि लाईट गेली की फ्रीज म्हणजे नुसतं कपाट. डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले वापरात असलेलं पेन फ्रीजबाहेर साधारण चार आठवडे चालतं पण उन्हापासून जपायचं, गाडीत वगैरे ठेवायचं नाही. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर जातो, त्यामुळं आम्ही एक छोटं मडकं ठेवलंय, बाहेरून ओलं फडकं, आत डबीत पेन. तुमच्या घरात ज्याला जे औषध चालू आहे त्याच्या डॉक्टरला हा प्रश्न एकदा विचारून घ्या, पाच मिनिटांचं काम आहे.

आणि ही सगळी तयारी ठेवायची कुठं, यावर लोक सगळ्यात जास्त चुकतात. आतल्या खोलीत, कपाटात, कुलुपात ठेवली तर ती नसल्यासारखीच. आमची मुख्य दाराच्या मागं खिळ्याला आहे, दार उघडताना हाताला लागते. सांगली-कोल्हापूर, चिपळूण, महाडच्या लोकांचं वेगळं, तिथं पाणी खालून चढत येतं, त्यांनी ती वरच्या मजल्यावर, हाताच्या उंचीवर ठेवली पाहिजे आणि त्यात दोरी हवी. कोकणात ‘निसर्ग’ चक्रीवादळानंतर २०२० ला कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे लाईट नव्हती, त्यांचं तीन दिवसांच्या हिशोबानं भागणार नाही. आमच्या खेड्यातल्या लोकांना तर मी म्हणेन की सोयाबीनच्या गंजीवर टाकायची ताडपत्री असतेच ना घरात, तिची जागा फक्त ठरवा, शेतातल्या कोठ्यात असली तर रात्री काय उपयोग. दावणीची जनावरं सोडायला एक विळा हाताशी ठेवा, घाईत गाठ सुटत नाही.

अजून एक, हे पिशवीत बसत नाही पण तिच्याइतकंच महत्त्वाचं आहे. लोखंडी कपाटं भिंतीला एल अँगलनं आणि स्क्रूनं पकडून घ्या, आणि पलंगाच्या वरच्या माळ्यावर पाटा-वरवंटा, पितळी हंडे, जुना टीव्ही असलं काही ठेवू नका. स्लॅबच्या घरात हादरा बसला तर जिन्याकडं पळण्यापेक्षा मजबूत टेबलाखाली वाकून त्याचा पाय धरून बसायचं आणि हादरे थांबल्यावर बाहेर पडायचं. टेबलाखाली बसलेल्या माणसावर कपाट पडू नये एवढी सोय आपण आधी करू शकतो. आमच्या घरी तीन कपाटांना मिळून दोनशे रुपयांचं सामान आणि एक दुपार लागली.

पिशवीला एकूण अठराशेच्या आत खर्च आला, त्यातला बराचसा रेडिओ आणि पॉवर बँकेचा. ज्यांना तेवढा जमत नाही त्यांनी खताच्या स्वच्छ धुतलेल्या गोणीत लुगडं, तांब्या, बॅटरी, गोळ्या, चपला आणि कागद घालून दाराशी ठेवले तरी माझ्या आजोबा-आजीच्या वेळेला आमच्याकडं जे नव्हतं ते सगळं त्यात आलं.

आता तुम्हाला विनंती. ३० सप्टेंबरच्या पानावर फोटोंच्या बाजूला पाव पान जागा द्या आणि त्यात ही यादी मोठ्या ठळक अक्षरात छापा, म्हातारी माणसं चष्म्याशिवाय वाचतील एवढ्या. कापून दारामागं चिकटवता येईल अशी, खाली नंबर लिहायला दोन-तीन मोकळ्या ओळी सोडून. ११ डिसेंबरला कोयनेच्या भूकंपाची आठवण असते, १९६७ चा, तोही पहाटेचाच होता, त्या दिवशी सातारा-पाटणच्या आवृत्तीत पुन्हा छापा. २६ जानेवारीला पण हरकत नाही, भुजचा २००१ चा भूकंप सकाळी पावणेनऊला झाला होता, झेंडावंदनाच्या वेळेला, म्हणजे पोरं एकीकडं, आईबाप दुसरीकडं. म्हणून शाळेत पोरांना घरचा पत्ता आणि एक नंबर पाठ करून घेणं हेही त्याच यादीत टाका, आणि गुरुजींना माझी हात जोडून विनंती आहे की एकदा वर्गात प्रत्येकाकडून ते म्हणून घ्या.

आमच्या घरी ठरलंय की पोळ्याला आणि संक्रांतीला पिशवी उघडायची. सेल तपासायचे, गोळ्यांच्या तारखा बघायच्या, पोरांची मापं बदललेली असतात तर कपडे बदलायचे. गेल्या वेळी आईनंच उघडली, जुने शेंगदाणे-गूळ काढून नातवंडांना दिले, नवीन भरले, आणि नातीच्या हातून चिठ्ठी पुन्हा लिहून घेतली कारण धाकट्याचा नंबर बदललाय. नांदेडला बहिणीनंही भरलीय, तिनं फोटो पाठवला, वरच लेकराची दुधाची बाटली दिसत होती. माझा चष्म्याचा नंबर मध्यंतरी वाढला, पिशवीतला जुना आता वाचायला पुरत नाही, तो बदलायचा राहिलाय, या रविवारी जातोय.

आपला,
एक वाचक, लातूर
(मूळ गाव ता. औसा)